गारगोटी, गूळ आणि रक्तातला एक चमचा

मराठीत गारगोटी म्हणजे पांढरा, टणक, काचेसारखा दगड. दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासल्या की उजेड चमकतो, हा खेळ खेड्यातल्या बहुतेक पोरांनी खेळलेला असतो. कोल्हापूरच्या दक्षिणेला, वेदगंगेच्या खोऱ्यात, भुदरगड तालुक्याचं मुख्य गाव आहे, त्याचंही नाव गारगोटी. रसायनशास्त्राच्या भाषेत हा दगड म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन या दोन मूलद्रव्यांची घट्ट सोयरीक. पृथ्वीच्या कवचाचं जवळजवळ तीन-चतुर्थांश वजन या दोघांचंच आहे.

आता माणसाचं शरीर पाहू. त्यात वजनानं सुमारे 65 टक्के ऑक्सिजन, 18 टक्के कार्बन, 10 टक्के हायड्रोजन आणि 3 टक्के नायट्रोजन. पायाखालच्या मातीत ढिगानं असलेलं सिलिकॉन अंगात मात्र नावापुरतं. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत कार्बन आणि सिलिकॉन एकाच रांगेत, एकाखाली एक बसतात. दोघांनाही इतर अणूंशी जोडायला चार-चार हात. मग जीवसृष्टीनं कार्बनलाच का जवळ केलं?

कारणं अनेक आहेत, पण त्यातलं एक कुणालाही पटेल असं आहे. कार्बन जळला की कार्बन डायऑक्साइड होतो. तो वायू आहे, पाण्यात विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर टाकता येतो. सिलिकॉन जळलं की गारगोटी होते. शरीर सिलिकॉनवर चालत असतं, तर प्रत्येक श्वासागणिक छातीत वाळू साठली असती.

कार्बनचं हे जळणं अगदी जवळून पाहायचं तर कोल्हापूरच्या भागात प्रयोगशाळा शोधावी लागत नाही. दिवाळीच्या आगेमागे ऊस तयार झाला की गुऱ्हाळं पेटतात. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची ख्याती त्याच्या कितीतरी आधीची. घाण्यातून रस निघतो, काहिलीत पडतो, खाली चुलवाणात उसाचीच वाळलेली चिपाडं धडधडत असतात. चिपाडातला मुख्य पदार्थ सेल्युलोज. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांची माळ. म्हणजे चुलवाणात जळतं ते ग्लुकोजच.

आणि गुऱ्हाळावर राबणाऱ्या माणसाच्या स्नायूंतही तेच जळतं. 180 ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळायला 192 ग्रॅम ऑक्सिजन लागतो. त्यातून 264 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि 108 ग्रॅम पाणी तयार होतं. हा हिशेब चुलीला लागू आहे तसाच पेशीला. फ्रान्समध्ये लव्हाझिए आणि लाप्लास यांनी 1780 च्या दशकात एका गिनीपिगला बर्फाच्या भांड्यात ठेवून वितळलेलं पाणी मोजलं आणि श्वसन म्हणजे संथ ज्वलन आहे, असा निष्कर्ष काढला. फरक आहे तो वेगाचा. चुलवाणात सगळी ऊर्जा उष्णता होऊन एकदम बाहेर पडते. शरीरात 37 अंशांवर, विकरांच्या मदतीनं, पायरी-पायरीनं ती काढून घेतली जाते आणि बरीचशी एटीपी नावाच्या रेणूंमध्ये साठवली जाते.

एक गोष्ट पुष्कळांना चकित करते. वजन घटतं तेव्हा ती चरबी जाते कुठे? घाम आणि लघवी यांतून थोडी जाते, पण चरबीतला बहुतेक कार्बन नाकावाटे, कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो.

काहिलीकडे परत येऊ. ताज्या रसात सुमारे 80 टक्के पाणी असतं आणि तो किंचित आंबट, म्हणजे आम्लधर्मी असतो. 1909 साली डेन्मार्कच्या सोरेन्सननं आम्लता मोजण्यासाठी पीएचची पट्टी रूढ केली. तिच्यावर शुद्ध पाणी 7 वर येतं आणि उसाचा रस 5 ते 5.5 च्या आसपास. ही आम्लता आणि आधणाची उष्णता एकत्र आली की रसातली साखर फुटते. उसाची साखर म्हणजे सुक्रोज, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडगोळी. ती फुटून दोघं सुटे झाले की गुळाचा रवा नीट धरत नाही आणि पावसाळ्यात ढेप पाघळते. म्हणून गुळव्या रसात चुन्याची निवळी घालतो. निवळी अल्कधर्मी, ती आम्ल मारते. कमी पडली तर गूळ मऊ, जास्त झाली तर काळपट. हा तोल सांभाळण्यात त्याची सारी कसोटी. जोडीला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. त्या चिकट्यात रसातला गाळ गुरफटतो, मळी होऊन वर येते आणि झाऱ्यानं काढली जाते.

पोटातही हाच आम्ल-अल्काचा खेळ चाललेला असतो, फक्त फार टोकाचा. जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल पीएच 1.5 ते 3.5 इतकं तीव्र. हे आम्ल जठराला स्वतःला पोळत नाही, कारण आतून चिकट श्लेष्माचा थर असतो आणि त्यात बायकार्बोनेट मुरलेलं असतं. छातीत जळजळ झाली की माणूस सोडा किंवा अँटासिड घेतो, तेव्हा तो गुळव्याचंच काम करत असतो: आम्लावर अल्क. रक्ताला मात्र एवढी मोकळीक नाही. त्याचा पीएच 7.35 ते 7.45 या चिंचोळ्या पट्टीत राहावा लागतो.

काहिलीत जी साखर फुटू नये म्हणून गुळव्या जिवाचा आटापिटा करतो, ती लहान आतड्यात मुद्दाम फोडली जाते. तिथं सुक्रेज नावाचं विकर बसलेलं असतं. आधण नाही, आम्ल नाही. अंगाच्या साध्या उबेवर ते सुक्रोजचे दोन तुकडे करतं आणि ते रक्तात जातात. या विकराला रंग कळत नाही. समोरचा सुक्रोज पांढऱ्या साखरेतून आला की पिवळ्याधमक गुळातून, त्याला सारखाच. ‘गूळ नैसर्गिक आहे, मधुमेहाला चालतो’ असं घराघरांत मायेनं सांगितलं जातं. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण त्याचा बहुतांश भाग साखरच आहे. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण या समजुतीची किंमत माणसं डोळ्यांनी आणि मूत्रपिंडांनी मोजतात.

किती साखर रक्तात असते, याचं गणित करून पाहावं. प्रौढ माणसात साधारण 5 लिटर रक्त. उपाशीपोटी दर 100 मिलीलिटरमागे 90 मिलिग्रॅम ग्लुकोज धरलं, तर साऱ्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम. म्हणजे चहाचा एक छोटा चमचा. दोन घोट पाण्यासोबत खाल्लेला 25 ग्रॅमचा गुळाचा खडा त्याच्या पाचपट. तरीही निरोगी माणसाच्या रक्तातला चमचा फारसा सांडत नाही. स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं आणि जादा ग्लुकोज यकृतात, स्नायूंत आत घेतलं जातं. 1921 साली टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी हे इन्शुलिन वेगळं काढलं. त्याआधी लहानपणी जडणारा मधुमेह म्हणजे मृत्यूच होता.

पाक शिजत आला की गुळव्याचं सगळं लक्ष एका थेंबावर येतं. तो उकळता पाक थोडासा थंड पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळून पाहतो. गोळी टणक झाली, भांड्यावर आपटल्यावर टक्क वाजली की काहील उतरवायची. त्या वेळी तापमान 118 अंशांच्या आसपास असतं. काकवी हवी असेल तर 105-106 अंशांवरच थांबायचं. पाण्याचा अंश जितका कमी, तितका उत्कलनबिंदू वर. थर्मामीटर नसतानाही पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी हा नियम बोटांच्या टोकांवर पाळला आहे.

दवाखान्यातही बोटाच्या टोकावरचाच एक थेंब लागतो. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर विकर असतं. ते रक्तातल्या ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं, तो इवलासा विद्युतप्रवाह यंत्र मोजतं आणि आकडा दाखवतं. पण हा आकडा त्या क्षणापुरता. मागच्या तीन महिन्यांचं काय? त्याचं उत्तर पुन्हा काहिलीतच आहे.

काहिलीत रस तापत जातो तसा हिरवट रंग जाऊन सोनेरी आणि मग तपकिरी होतो. नुसती साखर करपून हा रंग येत नाही. रसात थोडी अमिनो आम्लं असतात. ग्लुकोजसारखी साखर आणि अमिनो आम्ल तापवली की ती एकमेकांना चिकटतात आणि पुढे रंग व वास देणारे असंख्य रेणू तयार होतात. 1912 साली फ्रान्सच्या लुई-कामिय मयार यानं ही अभिक्रिया मांडली. भाकरीचा भाजलेला पापुद्रा, फोडणीतला तांबूस कांदा, गुळाचा खमंग वास, सगळीकडे तिचा हात आहे. हीच अभिक्रिया आगीशिवाय, अत्यंत सावकाश, आपल्या अंगातही चालते. रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या टोकाला जाऊन चिकटतं. रक्तात साखर जितकी जास्त, तितकं जास्त हिमोग्लोबिन माखतं. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, म्हणून माखलेल्या हिमोग्लोबिनचा टक्का मागच्या दोन-तीन महिन्यांची हकीकत सांगतो. तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांना 1968 साली मधुमेहींच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन दिसलं. आज ‘एचबीएवनसी’ म्हणून जो तपासणीचा कागद हाती येतो, तो त्याचाच. 5.7 टक्क्यांच्या खाली ठीक, 6.5 किंवा वर मधुमेह. काहिलीत दोन-अडीच तासांत जी अभिक्रिया तपकिरी होईपर्यंत जाते, तिची पहिली पायरी म्हणजे हा आकडा.

हिमोग्लोबिनचा विषय निघाला की लोखंडही येतंच. भुदरगडच्या पठारावरचा जांभा तांबडा आहे तो लोहाच्या ऑक्साइडमुळे. साध्या शब्दांत, तो गंजलेला दगड आहे. माणसाच्या अंगातही तीन-चार ग्रॅम लोह असतं, त्यातलं जवळजवळ दोन-तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये. तिथली किमया अशी की हे लोह फुप्फुसात ऑक्सिजन धरतं, पेशीपाशी सोडतं आणि तरी गंजत नाही. प्रथिनाच्या घडीत ते असं दडवलेलं असतं की ऑक्सिजन त्याला टेकतो, पण त्याचा इलेक्ट्रॉन कायमचा पळवू शकत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाची कमतरता हे त्याचं मोठं कारण. जांभ्याच्या तांबड्या मातीवर राहून अंगात लोह कमी पडतं, कारण गंजलेलं लोह आतड्यातून सहजी आत शिरत नाही. पालेभाज्या, नाचणी, गूळ यांतलं लोहही मोठ्या कष्टानं शोषलं जातं. लिंबू पिळलं तर त्यातलं क जीवनसत्त्व ते काम सोपं करतं; जेवणावर लगेच चहा प्यायला तर त्यातली टॅनिन्स लोहाला अडकवून ठेवतात.

आता गारगोटी गावाकडे येऊ. तिथं 1952 साली डॉ. जे. पी. नाईक यांनी मौनी विद्यापीठ उभं केलं. आजऱ्याकडच्या बहिरेवाडीत जन्मलेले हे शिक्षणतज्ज्ञ पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. शिक्षण खेड्याच्या जगण्याशी जोडलेलं असावं, हा त्या प्रयोगाचा गाभा होता आणि ग्रामीण उच्चशिक्षणाच्या देशातल्या सुरुवातीच्या संस्थांत गारगोटीची गणना झाली. रसायनशास्त्राच्या पहिल्या तासाला असं जोडकाम फार सोपं आहे. गुऱ्हाळावर रसात घालायचा तोच चुना चिमूटभर घ्यावा, पाण्यात ढवळून रात्रभर ठेवावा आणि सकाळी वरची स्वच्छ निवळी ग्लासात अलगद ओतून घ्यावी. मग त्यात नळी बुडवून फुंकावं. फक्त फुंकायचं, ओढायचं नाही. निवळी तोंड भाजते.

चार-पाच फुंकरींत निवळी दुधासारखी होते. सकाळच्या न्याहारीतला कार्बन पेशींत जळून श्वासावाटे आला, चुन्यातल्या कॅल्शियमला भेटला आणि कॅल्शियम कार्बोनेट झाला. हा चुनखडीचाच दगड, फक्त अगदी बारीक. आणखी बराच वेळ, न कंटाळता फुंकत राहिलं की दूध हळूहळू पुन्हा निवळू लागतं. कार्बोनेटचं आता बायकार्बोनेट झालेलं असतं आणि ते पाण्यात विरघळतं. पेशींकडून फुप्फुसांकडे निघालेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड रक्तातून याच बायकार्बोनेटच्या रूपात वाहत असतो.