जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी : हलक्या लिनक्स डेस्कटॉपची ओळख



गळीत हंगामाची तयारी म्हटली की बॉयलर, गव्हाण, वजनकाटा आणि तोडणीच्या टोळ्या एवढंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. पण मोळी गव्हाणीत पडण्याच्या कितीतरी आधी ज्याच्यावाचून काम अडतं, असं एक यंत्र आता प्रत्येक गट कार्यालयात आहे. ते म्हणजे संगणक.

आमच्या एका गट कार्यालयातली हकीगत सांगतो. लागणीच्या नोंदी घेण्याचे दिवस होते. सभासद आले, कागदावर नोंद झाली, पण संगणक काही केल्या उघडेना. उघडला तर अर्धा तास नुसता गरगरत राहिला. नोंद संगणकात चढली ती दोन दिवसांनी, आणि तारीखही दोन दिवसांनंतरची पडली. आता लागणीच्या तारखेवर तोडणीचा क्रम लागतो, हे तुम्हाला सांगायला नको. पाण्याची टंचाई असलेल्या आपल्या बीड जिल्ह्यात तोडणी लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटतं. कागदाची नोंदवही जपून ठेवलेली होती म्हणून चूक सुधारता आली. पण प्रश्न उरलाच, या संगणकाचं करायचं काय?

दुकानदार म्हणाला, "भंगारात घाला, नवा घ्या." आम्ही जरा थांबलो, चौकशी केली आणि त्या संगणकावर हलका लिनक्स डेस्कटॉप घालून पाहिला. तो आज चालतो आहे. सभासदांच्या घरीही मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेले असे संगणक माळ्यावर पडलेले असतात. म्हणून ही माहिती सर्वांपुढे ठेवत आहोत.

संगणक म्हातारा का होतो?

पुष्कळदा संगणक बिघडलेला नसतो, त्याच्यावरचा बोजा वाढलेला असतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी मेमरी, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचा संगणक धडधाकट असला तरी या चाळणीतून गळतो. बैल थकलेला नाही, गाडीत उसाच्या मोळ्या जास्त भरल्यात, असा हा प्रकार आहे.

लिनक्स आणि डेस्कटॉप म्हणजे काय?

ट्रॅक्टरचं उदाहरण घेऊ. इंजिन वेगळं आणि चालकाची बैठक, स्टिअरिंग, मीटरची पाटी वेगळी. लिनक्स हे इंजिन. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ते सुरू केलं. डेस्कटॉप म्हणजे चालकाची बैठक : पडद्यावरची पट्टी, चित्रखुणा, फाइली ठेवायची कपाटं. विंडोजमध्ये बैठक ठरलेली असते. लिनक्समध्ये एकाच इंजिनावर हवी ती बैठक बसवता येते. कोणाला थंड हवेची केबिन हवी, कोणाला साधी पत्र्याची सीट पुरे. साधी सीट बसवली की इंजिनाची ताकद नांगराला मिळते. हाच हलका डेस्कटॉप.

यातली दोन नावं लक्षात ठेवा. पहिलं एक्सएफसीई. ऑलिव्हिए फूर्दाँ यांनी ते १९९६ साली सुरू केलं. आपल्या को ८६०३२ वाणाची महाराष्ट्रात शिफारस झाली तेही हेच वर्ष. दुसरं एलएक्सक्यूटी. तैवानमधून २००६ साली आलेला एलएक्सडीई आणि रेझर-क्यूटी या दोन कामांच्या एकत्रीकरणातून ते उभं राहिलं आणि २०१४ साली त्याची पहिली आवृत्ती आली.

हे सारं फुकट आहे, पण फुकट म्हणजे बेवारस नव्हे. त्याचा परवानाच असा की कोणीही वापरावं, उघडून पाहावं, सुधारावं, दुसऱ्याला द्यावं. हजारो लोक आपापलं काम आणून एका गव्हाणीत टाकतात आणि साखर सगळ्यांची होते. प्रवरानगरच्या कारखान्याचं पहिलं गाळप १९५०-५१ च्या हंगामात झालं तेव्हापासून आपण जे तत्त्व जाणतो, त्याच्याच जवळचं हे आहे.

सुधारणा कशा येतात?

नवीन आवृत्ती आली म्हणजे सगळं उलथंपालथं झालं, अशी पुष्कळांना धास्ती असते. एक्सएफसीईच्या बाबतीत तसं नाही. तिथे मधला आकडा विषम असला तर तो चाचणीचा प्लॉट आणि सम असला तर तपासलेलं बेणं. म्हणजे ४.१९ ही करणाऱ्यांची चाचणी, ४.२० ही आपल्यासाठी.

गेल्या काही आवृत्त्यांत काय झालं ते पाहा. ४.१२ ही आवृत्ती फेब्रुवारी २०१५ ची. पुढची ४.१४ यायला ऑगस्ट २०१९ उजाडलं. साडेचार वर्षं कशात गेली? ज्या पायावर सगळी बटणं नि खिडक्या रचलेल्या होत्या तो जुना पाया काढून नवा घातला. वरून पाहणाऱ्याला फारसा फरक दिसला नाही, आणि तेच त्यांचं यश म्हणायला हवं. डिसेंबर २०२० च्या ४.१६ मध्ये चित्रखुणा नव्याने काढल्या आणि रंगसंगती सारखी केली. डिसेंबर २०२२ च्या ४.१८ मध्ये फाइलींच्या कपाटात, ज्याला थुनार म्हणतात, मोठी सोय झाली : दोन कप्पे शेजारी-शेजारी उघडता येतात, चुकून केलेली हलवाहलव परत फिरवता येते आणि आतल्या कप्प्यांतही शोध घेता येतो. नोंदींच्या फाइली सांभाळणाऱ्या कारकुनाला याचा खरा उपयोग आहे. डिसेंबर २०२४ च्या ४.२० मध्ये वेलँड या पडद्यावर चित्र उमटवण्याच्या नव्या पद्धतीची सुरुवात केली, पण ती अजून प्रयोगावर आहे असं स्पष्ट सांगून. नेहमीच्या वापराला जुनी पद्धत कायम ठेवली.

यातून एक शिकण्यासारखं आहे. पट्टी जिथे होती तिथेच राहिली. त्यामुळे एकदा शिकलेल्या माणसाला दर दोन वर्षांनी नव्याने शिकावं लागत नाही.

मराठीचं काय?

टंकलेखन होतं. इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आहे आणि देवनागरी अक्षरंही आहेत. लोहित नावाचे मोफत टंक रेड हॅट कंपनीने दिले, आणि तिच्या पुण्यातील कार्यालयाचा भारतीय भाषांच्या कामात मोठा वाटा आहे. ल आणि श ही अक्षरं मराठी वळणाची हवीत, 'दुसऱ्या'मधला अर्धा र नीट उमटायला हवा, अशा बारीक गोष्टीही योग्य टंक निवडला की साधतात. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ साली आणलेल्या बॉस लिनक्समध्येही मराठीची सोय केलेली आहे. मात्र खरं सांगायचं तर हलक्या डेस्कटॉपच्या मेन्यूमध्ये पुष्कळ शब्द इंग्रजीच दिसतात. ते भाषांतर स्वयंसेवक करतात. आपल्या भागातल्या शिकलेल्या मुलांनी यात हात घातला तर चांगलंच होईल.

एक धोक्याची सूचना. जुन्या बिगर-युनिकोड टंकांत केलेली कागदपत्रं दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते. आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत, मगच पुढचं पाऊल टाकावं.

कुठे वापरावा, कुठे नको?

सातबारा पाहणं, पत्रं लिहिणं, हिशेबाचे तक्ते, मुलांचा अभ्यास, इंटरनेटवरचे सरकारी अर्ज : खुशाल वापरा. वजनकाट्याचा संगणक, खास विंडोजसाठी केलेला हिशेबाचा प्रोग्रॅम, डिजिटल सहीचं टोकन, अंगठ्याचं यंत्र : इथे चाचणीशिवाय हात लावू नका. आम्हीही काट्याचा संगणक तसाच ठेवला आहे.

आणखी एक गैरसमज काढून टाकू. डेस्कटॉप हलका असला तरी इंटरनेटचा ब्राउझर हलका होत नाही. २ जीबी मेमरीच्या संगणकावर दहा पानं एकदम उघडली तर तो बसणारच. शक्य असेल तर मेमरी ४ जीबी करा आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी बसवा. नव्या संगणकापेक्षा हा खर्च पुष्कळच कमी पडतो. फार जुना ३२ बिटचा संगणक असेल तर वाटा अरुंद झाल्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने अशा संगणकावर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली आहे.

आधी प्लॉट, मग लागण

नवं वाण आपण सगळ्या रानात एकदम लावत नाही. तसंच इथे करा.

१. सर्व फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा आणि ती उघडते का ते पाहा.

२. जाणकाराकडून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटू ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घालून घ्या.

३. पेनड्राइव्हवरूनच संगणक सुरू करा. आतल्या विंडोजला धक्का न लावता सगळं पाहता येतं. वायफाय, प्रिंटर, आवाज, मराठी टंकलेखन तपासा.

४. आठ दिवस समाधान झालं तरच कायमचं बसवा.

५. सुरक्षेच्या छोट्या दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्या. मोठी आवृत्ती मात्र गाळप संपल्यावरच बदला. चालू हंगामात आपण बॉयलर उघडत नाही, तोच नियम.

आणि शेवटी, संगणक कितीही चांगला चालला तरी नोंद केल्यावर पावती मागून घ्या आणि तिच्यावरची तारीख तिथेच उभं राहून वाचा. आमची चूक सापडली ती एका सभासदाने पावती वाचली म्हणूनच. यंत्र नवं असो की जुनं, ऊस तुमचा आहे आणि त्याची नोंदही तुमचीच आहे.

जय सहकार!