पाळीव ससे आणि पावसाळ्यातील परजीवी

नाशिकमधील गंगापूर रोडसारख्या गोदावरीलगतच्या वस्तीत पावसाळ्यातील दमट हवा सशांच्या परजीवींना, म्हणजेच दुसऱ्या प्राण्याच्या शरीरावर किंवा शरीरात जगणाऱ्या जीवांना, पोषक ठरते. त्यांपैकी आयमेरिया या एकपेशीय जीवामुळे होणारा कॉक्सिडिओसिस हा आतड्याचा किंवा यकृताचा रोग पिलांसाठी सर्वाधिक घातक असतो. बाधित सशाच्या लेंड्यांतून टणक कवचाच्या सूक्ष्म पुटी बाहेर पडतात. मात्र त्या ताबडतोब संसर्गक्षम नसतात, उबदार ओलाव्यात त्यांना पक्व होण्यास साधारणतः दोन दिवस किंवा अधिक काळ लागतो, आणि म्हणूनच पिंजरा रोज साफ करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय. नेहमीच्या जंतुनाशकांना या पुटी दाद देत नाहीत. ससा बाहेर काढून पिंजरा उकळत्या पाण्याने धुवावा व कडक उन्हात पूर्ण वाळवावा.

कानात तपकिरी खपल्या धरवणारी खरूज सोरॉप्टिस या सूक्ष्म कीटकसदृश जीवामुळे होते. खपल्या ओरबाडून काढू नयेत, कारण त्याने तीव्र वेदना होतात. शेपटीखालची लोकर ओली वा मळलेली राहिल्यास माश्या तेथे अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या जिवंत मांस पोखरू लागतात, त्यामुळे पावसाळ्यात त्या भागाची तपासणी दिवसातून दोनदा करावी.

कुत्र्यामांजरांच्या पिसवांवरील फिप्रोनिलयुक्त औषध सशाला कदापि लावू नये; ते त्याच्यासाठी प्राणघातक ठरू शकते. आयव्हरमेक्टिन या परजीवीनाशक औषधाची मात्राही वजनानुसार पशुवैद्यानेच ठरवावी.