ऑफिस घरात आले, दुखणे अंगावर येऊ नये

घरी बसून काम करणे आपल्या वस्त्यांना नवे नाही. मालाड-मालवणीच्या गल्ल्यांत कितीतरी बायाबापड्या इमिटेशन दागिन्यांचे मणी ओवतात, खडे चिकटवतात. राज्यात अनेक ठिकाणी घरोघरी विड्या वळल्या जातात. मार्च २०२० च्या लॉकडाऊननंतर या घरकामात लॅपटॉपची भर पडली. आपली मुले-मुली शिकली आणि कुणी कॉल सेंटरचे काम घेतले, कुणी बिलांची नोंद, कुणी कोडिंग. लॉकडाऊन संपला तरी अनेकांचे काम घरातच राहिले.

मालाड पश्चिमेचे माइंडस्पेस किंवा अंधेरीचे सीप्झ ही उपनगरांतली कॉम्प्युटरच्या कामाची मोठी ठिकाणे. तिथे रोज जाणे सगळ्यांना सारखे सोपे नाही. मनोरीचेच पाहा. गाव मुंबईतच आहे, पण मध्ये खाडी आहे. मार्वे जेट्टीवरून फेरीबोटीने काही मिनिटांत पलीकडे जाता येते. बोट नसेल तर उत्तन-भाईंदरकडून मोठा वळसा पडतो. अशा ठिकाणच्या मुलीला रात्रपाळीची नोकरी घरबसल्या मिळाली तर घरच्यांना हायसे वाटते. प्रवास वाचतो, पैसा वाचतो, रात्री-अपरात्री येण्याची काळजी मिटते. हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही पाहावी लागते. ऑफिसात खुर्ची, टेबल, उजेड, हवा, पिण्याचे पाणी आणि संडास हे सारे मालकाने द्यायचे असते. काम घरी आले की ही जबाबदारी गुपचूप आपल्यावर येते. दहा बाय बाराच्या खोलीत तिची किंमत पैशात कमी आणि अंगावर जास्त मोजावी लागते. ती कशी कमी करता येईल, ते या वेळी आम्ही पाहणार आहोत.

मान आणि कंबर

माणसाचे डोके साधारण साडेचार-पाच किलोचे असते. मान सरळ असली की हे वजन मणके सहज पेलतात. मान पुढे झुकली की मानेच्या मागच्या स्नायूंना ते ओढून धरावे लागते. एका शल्यचिकित्सकाने २०१४ साली मांडलेल्या गणितानुसार मान ६० अंश वाकली की मणक्यांवरचा भार सुमारे २७ किलोंवर जातो. मांडीवर लॅपटॉप घेऊन आठ तास बसणारा माणूस हे ओझे रोज वाहतो. कंबरेचेही तसेच. पाठ बाक काढून बसले की मणक्यांमधल्या गाद्यांवर दाब वाढतो.

महागडी खुर्ची नसली तरी उपाय आहे. जमिनीवर बसत असाल तर भिंतीला पाठ टेकवा आणि बुडाखाली गोधडीची जाड घडी घ्या. त्याने कंबर वर उचलली जाते आणि पाठ आपोआप सरळ होते. लॅपटॉप मांडीवर ठेवू नका. चौरंगावर पुस्तके किंवा डबा ठेवून त्यावर ठेवा, म्हणजे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला येईल. मग हात वर धरावे लागतात, म्हणून काहीशे रुपयांचा वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या. घरून कामासाठी एकच वस्तू घ्यायची ऐपत असेल, तर आम्ही हीच सुचवू. काही काम उभ्यानेही होते. स्वयंपाकाचा ओटा मोकळा असताना त्यावर लॅपटॉप ठेवून फोनवरच्या मीटिंगा उरकता येतात. फक्त गॅस बंद आणि ओटा कोरडा हवा.

दर अर्ध्या तासाने उठा. पिंढऱ्यांचे स्नायू हलले की पायांतले रक्त वर ढकलले जाते. तासन्‌तास बसून राहिले की ते साचते, पाय सुजतात. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे गल्लीत चालल्याने रक्तातली साखर कमी चढते. ज्या घरात मधुमेह आहे तिथे हे औषधाइतकेच मनावर घ्यावे, मात्र औषध बंद करू नये. आठवड्याला किमान १५० मिनिटे दमदार चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्टेशनपर्यंतची आणि पुलावरची रोजची पायपीट सुटली, तर ती दुसरीकडून भरून काढलीच पाहिजे.

डोळे आणि कान

एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा वेळा डोळे मिचकावतो. पडद्याकडे पाहताना हे बरेच कमी होते. डोळ्यांवरचा ओलावा सुकतो, मग जळजळ, खुपणे, धूसर दिसणे सुरू होते. म्हणून दर २० मिनिटांनी २० फूट लांब, २० सेकंद पाहायचे. पण दहा फुटांच्या खोलीत २० फूट आणायचे कुठून? दारात या आणि गल्लीच्या टोकाकडे पाहा. मनोरीत असाल तर खाडीकडे पाहा. तेवढेच उठणेही होते. ट्यूबलाइट किंवा खिडकी पडद्याच्या मागे किंवा थेट समोर नको, बाजूला असावी. अंधारात, सगळे झोपल्यावर नुसत्या पडद्याच्या उजेडात काम करणे टाळा. एखादा छोटा दिवा भिंतीकडे तोंड करून लावला तर झोपलेल्यांनाही त्रास होत नाही.

वस्तीत आवाज असतोच, आणि तो ऐकू येऊ नये म्हणून हेडफोनचा आवाज वाढवला जातो. ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे. त्यापुढे सुरक्षित तास झपाट्याने घटतात. फोनवर आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या खाली ठेवा. काम संपल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर कान तपासून घ्या.

आवाज टाळण्यासाठी दुसरी गोष्ट केली जाते ती म्हणजे दार-खिडकी लावून घेणे. इथे जास्त धोका आहे. बंद खोलीत चार माणसांचा श्वास कोंडतो आणि क्षयरोगाचे जंतू अशाच हवेत टिकतात. मीटिंग संपली की दार उघडा, पंख्याने हवा बाहेर काढा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर पालिकेच्या आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी मोफत होते. ती टाळू नका.

पाणी कमी पिऊ नका

हा मुद्दा उघड बोलला जात नाही, म्हणून आम्ही तो मुद्दाम लिहितो. घरात संडास नसेल, सार्वजनिक संडास लांब असेल, तिथे रांग असेल आणि कामात पाच मिनिटांचीही सुट्टी मोजली जात असेल, तर मुली पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीची जळजळ, वारंवार होणारा संसर्ग आणि मुतखडा होतो. पत्र्याच्या घरात एप्रिल-मेमध्ये घाम जातो तो वेगळाच. लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडते आहे, असे समजा. आपल्या ब्रेकची वेळ वरिष्ठांकडून ठरवून घ्या. शरीराची गरज सांगण्यात लाज कसली? आणि पत्र्याला बाहेरून पांढरा रंग दिला तर ऊन परतते आणि खोली काहीशी निवते.

रात्रपाळी

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. तिथले संध्याकाळचे पाच म्हणजे आपली मध्यरात्र उलटून गेलेली. शरीराला स्वतःचे घड्याळ असते. ते कसे चालते हे उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन वाढते आणि झोप येते. उजेडाने ते घटते. वर्षानुवर्षे हे घड्याळ उलटे फिरवले तर साखर, रक्तदाब, वजन बिघडू शकते. रात्रपाळीचे काम कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरते, अशी नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनेही केली आहे.

नोकरी सोडणे प्रत्येकाला परवडत नाही. तेव्हा निदान एवढे करा. मुख्य जेवण पाळीआधी घ्या, मध्यरात्री हलके खा. झोपण्याआधीचे सहा तास चहा-कॉफी नको. डोळ्यांवर काळे फडके बांधून झोपा, आणि झोपेची वेळ सुट्टीच्या दिवशीही फार बदलू नका. दुपारी पोटमाळ्यावर झोपू नका, तिथे सगळ्यात जास्त तापते.

बाकीचे काम घरच्यांचे आहे. रात्रभर जागलेल्या माणसाची सकाळची झोप ही आळशीपणाची झोप नव्हे. त्या वेळेत टीव्ही बंद, पाहुणे बाहेर, मुले शेजारी, असा नियम घराने एकत्र बसून ठरवावा. आणि मुलीच्या बाबतीत आणखी एक सांगायचे आहे. ‘ती घरीच तर असते’ म्हणून पाणी भरणे, भांडी, भावाचा डबा हे सगळे तिच्यावर टाकू नका. ती घरी असली तरी कामावर असते. भावाने भांडी घासली तर काही बिघडत नाही.

तास आणि हक्क

१९४६ साली मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कारखान्यांतील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले. कामगाराच्या शरीराला मर्यादा असते, हे कायद्याने मान्य करून घेण्याचा तो लढा होता. घरात मात्र भोंगा वाजत नाही. रात्री अकराला मेसेज येतो आणि आपण लॅपटॉप उघडतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ साली मांडले की आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो. म्हणून कामाला बसण्याची आणि उठण्याची वेळ रोज वहीत लिहा. आठवड्याची बेरीज करा. वरिष्ठांशी बोलायची वेळ आली तर हीच वही कामी येते.

पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत असेल आणि कंपनी ईएसआयसीखाली येत असेल, तर घरून काम केले तरी तो हक्क जात नाही. पगाराच्या चिठ्ठीत ०.७५ टक्के कपात दिसते का, ते पाहा. दिसत असेल तर कार्ड काढून घ्या. कांदिवलीत ईएसआयसीचे रुग्णालय आहे. पालिकेचे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, म्हणजे आपले शताब्दी, तेही कांदिवलीतच आहे.

रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल किंवा कंबरेची कळ पायात उतरत असेल, तर बाम चोळत महिने घालवू नका, डॉक्टरांना दाखवा. कंबर दुखत असताना पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे, छातीत दाब येणे, यात एक मिनिटही न घालवता १०८ ला फोन करा. आणि चार भिंतींत एकटे काम करून मन खचत असेल, झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येते.

शेवटी विहारांच्या समित्यांना आमची एक सूचना आहे. बऱ्याच विहारांतली अभ्यासिका दुपारी रिकामी असते. दोन टेबले, चार खुर्च्या, एक पंखा आणि विजेची चांगली जोडणी केली, तर वस्तीतल्या पाच-सहा मुला-मुलींना तिथे सरळ पाठीने काम करता येईल. वीजबिल वाटून घेता येईल. शाळेतली मुले त्यांना पाहतील, अडलेले विचारतील. येत्या बैठकीत हा विषय घ्या आणि काय ठरले ते आम्हांला कळवा.