इमारतीवरचे मोहोळ आणि घरातील वृद्ध

पावसाळा सरून हवेत थोडा गारवा आला की वाकोल्यातील उंच इमारतींच्या सज्जांखाली आणि पाण्याच्या टाक्यांच्या बुडाशी काळपट, अर्धवर्तुळाकार पोळी लोंबू लागतात. कालिन्याचा विद्यापीठ परिसर जवळच आहे. वसाहतींतून शेवगा, आंबा, सोनमोहर आहेत. माश्यांना फुलोराही मिळतो आणि उंच, आडोशाची जागाही. मूळच्या कड्याकपारींत राहणाऱ्या या माशीला डोंगराचा कडा आणि सिमेंटचा सज्जा यांत फारसा भेद वाटत नसावा.

पोळे दिसले की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर छायाचित्र येते, आणि दुसऱ्या दिवशी कोणाला तरी बोलावून ते ‘काढून टाकायचे’ ठरते. या घाईत एक प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. त्या पोळ्याच्या वरच्या आणि खालच्या मजल्यांवर कोण राहते?

हा प्रश्न मी मुद्दाम पुढे ठेवतो. अनेक डंख घेऊन दवाखान्यात येणारे वृद्ध स्वतः पोळ्याजवळ गेलेले क्वचितच असतात. पोळे दुसऱ्याच कोणी डिवचलेले असते आणि ते आपल्या खिडकीपाशी वा जिन्यात असतात. काही वर्षांपूर्वी एका इमारतीत भर दुपारी कीटकनाशकाची फवारणी झाली. चौथ्या मजल्यावर पक्षाघाताने उजवी बाजू अधू झालेल्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी खिडकीपाशी बसल्या होत्या. सूचना मोबाइलवर गेली होती. आजींकडे मोबाइल नव्हता. त्यांच्या चेहऱ्यातून व हातांतून अठ्ठावीस नांग्या काढाव्या लागल्या आणि दोन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. त्या बऱ्या झाल्या. परंतु हा सारा प्रसंग टाळता येण्याजोगा होता.

आधी माशी ओळखावी

आपल्याकडे घराच्या आसपास मुख्यतः तीन प्रकारच्या मधमाश्या आढळतात. पहिली आग्या माशी. ती आकाराने मोठी असते. तिचे एकच उघडे पोळे उंचावर लोंबते आणि ते मीटरभर रुंदही असू शकते. पोळ्यावर हजारो माश्या एकमेकींना बिलगून असतात आणि धोका जाणवला की त्यांच्या अंगावरून लाट सरकल्यासारखी दिसते. ही लाट म्हणजे इशारा समजावा. शिवनेरीसारख्या किल्ल्यावर किंवा अजिंठ्याच्या लेण्यांत मोहोळ उठून माणसे जखमी झाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या बहुधा या माशीच्या असतात.

दुसरी सातेरी. ती अंधाऱ्या पोकळीत समांतर पोळी बांधते. विजेच्या मीटरची जुनी पेटी, भिंतीतील फट, माळ्यावरचा बंद खोका या तिच्या आवडीच्या जागा. तिसरी फुलोरी. ही लहान असून झुडपाच्या फांदीवर किंवा गॅलरीतील वेलीवर तळहाताएवढे पोळे करते. सातेरी आणि फुलोरी स्वभावाने आग्या माशीपेक्षा पुष्कळ सौम्य असतात.

याखेरीज कधी पोळे नसलेला, नुसताच माश्यांचा घोस झाडावर वा खिडकीच्या गजावर बसलेला दिसतो. हा नव्या घराच्या शोधात निघालेला थवा होय. राखण्यासारखी पिल्ले वा मध जवळ नसल्याने तो सहसा हल्ला करीत नाही. खिडकी बंद ठेवून वाट पाहिली, तर बहुधा काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत तो निघून जातो.

काढावे की राहू द्यावे?

प्रत्येक पोळे काढण्याची आवश्यकता नसते. आग्या माशी ऋतूनुसार स्थलांतर करते. पाणी-फुलोरा आटला किंवा मोठा पाऊस जवळ आला की ती स्वतःहून पोळे सोडते. वर्दळीपासून दूर, गच्चीच्या टाकीखालच्या पोळ्यास कोणी हात न लावणे, गच्चीचे दार बंद ठेवणे आणि तेथे पतंग उडविण्यास व फटाके वाजविण्यास मनाई करणे, एवढे पुरते. मात्र पोळे कोणाच्या खिडकीलगत, जिन्यात किंवा लिफ्टच्या खोलीजवळ असेल, किंवा घरात डंखाची तीव्र अ‍ॅलर्जी असलेली, अंथरुणास खिळलेली वा स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती असेल, तर ते जाणकाराकडून काढून घ्यावे.

काढणे म्हणजे मारणे नव्हे. पुण्याचे अमित गोडसे हे मूळचे संगणक अभियंता. त्यांच्या इमारतीतील पोळ्यावर कीटकनाशक मारल्यानंतर पडलेला मेलेल्या माश्यांचा खच पाहून ते अस्वस्थ झाले. पुढे नोकरी सोडून त्यांनी मधमाश्या न मारता पोळी हलविण्याचे काम हाती घेतले. पुण्यातच खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तर महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय. तेथील प्रशिक्षण घेतलेले मधपाळ हे काम जाणतात.

सातेरीची वसाहत पोळ्यांसह लाकडी पेटीत नेता येते. आग्या माशी पेटीत राहत नाही. तिचे पोळे कापले की ती दुसरी जागा शोधते. म्हणूनच येणाऱ्या व्यक्तीस चार प्रश्न विचारावेत. ही कोणती माशी आहे? काम कोणत्या वेळी करणार? अंगभर संरक्षक पोशाख आणि उंचीवर काम करण्याचा पट्टा आहे काय? आणि पोळे काढल्यावर भिंतीवरचे मेण खरवडून देणार काय? भर दिवसा फवारणी करतो किंवा मशाल लावतो म्हणणाऱ्यास नम्रपणे परत पाठवावे. मशालीने आगीचा धोका असतो आणि धुराने वरच्या मजल्यावरील दमेकऱ्यांचा श्वास कोंडतो. फवारणीने सगळ्या माश्या तत्काळ मरत नाहीत. सैरभैर झालेल्या माश्या घराघरांत शिरतात. फवारलेल्या पोळ्यातील मध तर कोणी तोंडातही घालू नये.

त्या संध्याकाळी घरात

आग्या माशीचे पोळे काढण्याचे काम साधारणतः अंधार पडल्यावर करतात, कारण त्या वेळी माश्या पोळ्यावर परतलेल्या असतात. परंतु डिवचलेली आग्या माशी दिव्याकडे झेपावते. त्यामुळे दारे-खिडक्या बंद करून पडदे ओढावेत आणि गॅलरीतील व खिडकीलगतचे दिवे मालवावेत. न्हाणीघराची झडप आणि एक्झॉस्ट पंख्याची जागा कागदाने वा कापडाने झाकावी.

सोसायटीच्या चिटणिसांनी आदल्या दिवशी प्रत्येक घरी, विशेषतः एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांकडे, प्रत्यक्ष जाऊन सांगावे. फिरायला जाणाऱ्यांनी त्या दिवशी लवकर परतावे. चाकाच्या खुर्चीवरील वा अंथरुणावरील व्यक्तीस आतल्या खोलीत हलवावे. रात्रीची औषधे व पाणी हाताशी ठेवावे. पोळे कापल्यानंतर काही माश्या दोन-तीन दिवस त्याच जागी घोटाळतात, तेवढे दिवस त्या बाजूची खिडकी उघडू नये.

पुन्हा येऊ नयेत म्हणून

जुन्या मेणाचा वास माश्यांना त्याच जागी परत बोलावतो. जागा खरवडून, साबणाच्या पाण्याने धुऊन तिला रंग द्यावा. सातेरीसाठी भिंतीतील फटी, वातानुकूलन यंत्राच्या नळीभोवतीची भोके आणि मीटरपेटीच्या चिरा बुजवाव्यात. मात्र आत माश्या असताना भोक बुजवू नये, त्या दुसऱ्या वाटेने घरात येतात. उन्हाळ्यात माश्या पाण्यासाठी येतात, म्हणून गळते नळ दुरुस्त करावेत आणि कुंड्यांखालच्या ताटल्या कोरड्या ठेवाव्यात. उसाचा रस, गूळ, कापलेली फळे उघडी ठेवू नयेत. सरबताचा पेला पिण्यापूर्वी त्यात पाहण्याची सवय मंद दृष्टी असलेल्यांनी अवश्य लावून घ्यावी.

डंख झाल्यास

मोहोळ उठले तर हात झटकू नयेत. पदराने वा टॉवेलने तोंड-नाक झाकून जवळच्या बंद खोलीत शिरावे. डंखाच्या जागी पिकलेल्या केळ्यासारख्या वासाचे एक द्रव्य सुटते आणि ते इतर माश्यांना तेथेच बोलावते. म्हणून थांबण्यात अर्थ नसतो.

मधमाशीची नांगी विषाच्या पिशवीसह त्वचेत राहते आणि विष आत सोडत राहते. नांगी चिमटीत धरू नये, असे पूर्वी सांगत. १९९६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखविले, की काढण्याच्या पद्धतीपेक्षा वेग महत्त्वाचा. नखाने, कार्डाने, चिमटीने, जसे जमेल तसे परंतु तत्काळ काढावे. जागा साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवावी. सूज चढण्यापूर्वीच अंगठ्या व बांगड्या उतरवाव्यात. चुना लावणे, लोखंड घासणे यांचा उपयोग नाही. डंखाभोवतीची सूज दुसऱ्या दिवशी वाढली, तरी बहुधा ती अ‍ॅलर्जीमुळे असते. आपल्याच मनाने प्रतिजैविक घेऊ नये.

पुढील लक्षणे दिसल्यास एक मिनिटही दवडू नये : अंगभर गांधी, ओठ वा जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, धाप, उलट्या, भोवळ. वृद्धांत कधी कधी अंगावर काहीही न उठता एकदम शुद्ध हरपते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला आडवे निजवून पाय उंच करावेत. धाप असेल तर टेकून बसवावे. उभे करून चालवू नये. मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच या अवस्थेतील पहिला उपचार होय. अ‍ॅलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत या इंजेक्शनचा परिणाम मंद होऊ शकतो, म्हणून औषधांची यादी डॉक्टरांना लगेच दाखवावी. मात्र डंखाच्या भीतीने या गोळ्या स्वतःहून बंद करणे अधिक धोक्याचे. हृदयविकाराच्या रुग्णास डंखानंतर छातीत दुखले, तर ते घाबरल्यामुळे असेल असे समजू नये, ई.सी.जी. काढावा.

तोंडात, घशात वा डोळ्याला डंख झाला असेल, किंवा एकाच वेळी बरेच डंख झाले असतील, तर बरे वाटत असले तरी रुग्णालय गाठावे. वाकोलेकरांना सांताक्रूझ पूर्वेतील महापालिकेचे व्ही. एन. देसाई रुग्णालय जवळचे आहे. अनेक डंखांचे विष स्नायू व रक्तपेशींचा नाश करून मूत्रपिंडांना इजा करू शकते, आणि हा परिणाम एक-दोन दिवसांनीही दिसतो. लघवीचा रंग चहासारखा गडद होणे किंवा तिचे प्रमाण घटणे याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे. ज्यांची मूत्रपिंडे मधुमेहाने आधीच दुबळी झाली आहेत, त्यांच्याबाबतीत तर विशेष.

हिवाळ्यात पोळे दिसल्यावर सोसायटीची सभा बोलावली जाईल, तेव्हा विषयपत्रिकेवर खर्चाच्या आधी एक यादी असावी : कोणत्या खोलीत कोण एकटे आहे, कोणाला चालता येत नाही, कोणाला पूर्वी डंखाची अ‍ॅलर्जी झाली होती, आणि त्या संध्याकाळी त्यांच्याकडे कोण जाऊन बसणार आहे. ती यादी तयार झाल्यावरच मधपाळास फोन करावा.