मुंबईच्या फर्मची भागीदारी की कोल्हापूरचे सर्किट बेंच?

कबनूर, चंदूर, तारदाळ, रुई या इचलकरंजीच्या भोवतालच्या गावांतून आपल्या समाजातील मुले-मुली वकील होऊ लागली आहेत. आईवडिलांचे आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेले, आणि घरात काळा कोट घालणारी ही पहिलीच पिढी. अशा एखाद्या वकिलाला आठ-दहा वर्षांच्या मेहनतीनंतर मुंबई-पुण्याच्या लॉ फर्मकडून 'पार्टनर म्हणून या' असे बोलावणे आले, तर घरात आनंदाबरोबर वादही सुरू होतो. जावे की थांबावे?

दोन वर्षांपूर्वी याचे उत्तर सोपे होते. उच्च न्यायालयात वकिली करायची तर मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून ते बदलले. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. आदल्या दिवशी त्याचे उद्घाटन तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले. देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश ते, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे आता तिथे चालतात. कबनूरहून तीसेक किलोमीटर. पूर्वी याच कामासाठी पक्षकार रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायचा, आणि तारीख पडली की हात हलवत परत यायचा.

यात आपल्या चळवळीचा थेट संबंध कुठे येतो, ते पाहू. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १४अ नुसार विशेष न्यायालयाच्या निकालावर आणि जामिनाच्या आदेशावरही अपील उच्च न्यायालयात होते. त्यासाठी मुदत साधारण ९० दिवसांची. कलम १५अ नुसार जामिनाच्या सुनावणीत पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. हक्क कागदावर होताच. पण आरोपीच्या अपिलात उभे राहायला हातकणंगले तालुक्यातल्या शेतमजुराने मुंबईत वकील कसा शोधायचा? जात पडताळणी समितीने दावा फेटाळला तरी दाद फक्त उच्च न्यायालयातच मागता येते. ही सगळी कामे आता कोल्हापुरात आली आहेत आणि ती करणाऱ्या जाणत्या वकिलांची तिथे गरज आहे.

म्हणून लगेच 'मुंबईला जाणे म्हणजे समाजाशी गद्दारी' असे आम्ही म्हणणार नाही. ही भाषा सोपी आहे आणि अन्यायाची आहे. ज्यांच्या घराण्यात तीन पिढ्या वकिली आहे त्यांना कुणी असा जाब विचारत नाही. मोठे व्यापारी दावे, कंपनी कायदा, लवाद ही कामे मुंबईतच आहेत आणि तिथल्या भागीदारांच्या यादीत आपली नावे किती दिसतात, हे वाचकांनी स्वतः मोजून पाहावे.

बाबासाहेबांनाही हा पोटाचा प्रश्न चुकला नव्हता. लंडनहून बॅरिस्टर होऊन आल्यावर १९२३ साली त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. पण कामे मिळायला वेळ लागला, म्हणून बाटलीबॉय संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी घरखर्चाला हातभार लावला. आणि कचेरी थाटली परळच्या कामगारवस्तीत. आपल्या भागाला वकिलीचा आणखी एक वारसा आहे. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. मार्च १९२० ची ज्या गावची परिषद आपण अभिमानाने आठवतो, ते माणगावही याच हातकणंगले तालुक्यातले.

भावना बाजूला ठेवून आता करारनामा हातात घ्या. 'पार्टनर' हा शब्द फसवा आहे. नफ्यात वाटा असलेला इक्विटी पार्टनर वेगळा आणि दरमहा ठरलेली रक्कम घेणारा, फक्त पाटीवर नाव असलेला पार्टनर वेगळा. १९३२ च्या भागीदारी कायद्यात प्रत्येक भागीदार फर्मच्या देण्याला एकत्रितपणे आणि एकट्यानेही जबाबदार असतो. कलम २८ तर सांगते की, जो स्वतःला भागीदार म्हणवून घेतो किंवा जाणूनबुजून तसे भासू देतो, त्याच्यावर विश्वासून उधारी देणाऱ्याला तोही जबाबदार. म्हणजे वाटा नाही, पण देणे मात्र अंगावर, असे होऊ शकते. फर्म २००८ च्या कायद्याखालची एलएलपी असेल तर दुसऱ्या भागीदाराच्या चुकीपासून बरेच संरक्षण मिळते. हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क कायद्याने प्रत्येक भागीदाराला दिला आहे. सही करण्याआधीच मागील तीन वर्षांचा ताळेबंद मागा. तो दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. भांडवल किती भरायचे, ते कर्ज काढून भरायचे का, आणि बाहेर पडताना ते परत केव्हा मिळणार, हे लेखी हवे. सोडून गेल्यावर अमुक काळ, अमुक भागात काम करायचे नाही अशी अट घातली आहे का, तेही पाहा. कोल्हापूरला परतायचा विचार असेल तर हे कलम सर्वात आधी वाचावे.

सनदेची चिंता नको. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद मुंबईत, पुण्यात आणि कोल्हापुरात सारखीच चालते. बेंगळुरूला कायमचे जायचे ठरले, तर मात्र नाव तिथल्या बार कौन्सिलकडे वर्ग करण्याची तरतूद अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम १८ मध्ये आहे. घराचा हिशेब वेगळा. मुंबई-पुण्यात भाड्याचे घर शोधताना भाड्याआधी आडनाव विचारले जाते, हे आपल्याला नवे नाही.

थांबणाऱ्यांनीही डोळे उघडे ठेवावेत. सर्किट बेंच हे अजून कायम खंडपीठ नाही. राज्य पुनर्रचना कायदा, १९५६ च्या कलम ५१(३) खाली ते सुरू झाले आहे. औरंगाबादचीही सुरुवात १९८१ साली अशीच झाली होती आणि १९८४ मध्ये ते कायम झाले. कोल्हापुरातही सुरुवातीची काही वर्षे उत्पन्न कमी राहील, सहा जिल्ह्यांतले ज्येष्ठ वकील तिथे गर्दी करतील.

आमचे मत विचाराल तर, इक्विटी वाटा आणि स्वच्छ करार असेल तर पाच वर्षांसाठी अवश्य जा. नुसती पाटी मिळणार असेल तर कबनूर सोडू नका. दोन-तीन समविचारी वकिलांनी मिळून कोल्हापुरात स्वतःची फर्म काढावी. एवढेच लक्षात ठेवा की बार कौन्सिलच्या नियमानुसार वकील नसलेल्या व्यक्तीशी फी वाटून घेता येत नाही, मग तो चळवळीतला कितीही जवळचा कार्यकर्ता असो. फर्मची नोंदणी पहिल्याच महिन्यात उरकून घ्या, कारण नोंदणी नसलेल्या फर्मला करारातून आलेल्या हक्कासाठी बाहेरच्यांवर दावा लावता येत नाही.