अपेक्षाभंग की वचनभंग? : 'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'चा दुसरा सीझन

आजचा विषय वाचून काहींच्या मनात आलं असेल की तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात हे जपानी कार्टून कुठून शिरलं? पण तुमच्यातल्या तरुण मंडळींना ठाऊक आहे की जपानमधल्या या चित्रमालिका, ज्यांना 'अ‍ॅनिमे' म्हणतात, त्या नुसत्या पोरांच्या करमणुकीच्या नसतात. आणि मला आज ज्या प्रश्नाकडे जायचं आहे, त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरीकडे सापडलं नाही. प्रश्न असा : एखादी गोष्ट आपल्याला आवडते, तिचा पुढचा भाग येतो आणि आपली निराशा होते. ही निराशा म्हणजे फक्त 'मला हवं ते मिळालं नाही' एवढीच असते का? की तिच्यात एखादी रास्त तक्रारही असू शकते?

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी कथा थोडक्यात सांगतो. ज्यांना ती पुढे बघायची आहे त्यांनी कान झाकावेत, कारण मी शेवटही सांगणार आहे.

ग्रेस फील्ड नावाचं एक अनाथालय. हिरवीगार टेकडी, स्वच्छ कपडे, पोटभर जेवण, रोज परीक्षा. मुलं तिथल्या बाईंना 'मामा' म्हणतात. तिचं नाव इझाबेला. मुलांच्या मानेवर आकडे गोंदलेले आहेत, त्याचं कोणाला काही वाटत नाही. बारा वर्षांची होण्याआधी प्रत्येकाला कोणीतरी दत्तक घेतं, असं त्यांना सांगितलेलं असतं. एके रात्री कॉनी नावाची छोटी मुलगी 'दत्तक' जाते आणि आपलं सशाचं खेळणं विसरते. एमा आणि नॉर्मन ही दोन मोठी मुलं ते द्यायला फाटकापर्यंत धावतात आणि त्यांना गाडीत कॉनीचं प्रेत दिसतं. तिथे माणसं नसतात, राक्षस असतात. हे अनाथालय नसून मुलांचा मळा आहे. आपण कोंबड्या पाळतो तशी इथे मुलं पाळली जातात. परीक्षासुद्धा त्यासाठीच, कारण तल्लख मेंदूला जास्त भाव असतो.

2019च्या जानेवारी ते मार्चमध्ये आलेल्या पहिल्या सीझनचे बारा भाग या एकाच गोष्टीभोवती फिरतात : एमा, नॉर्मन आणि रे ही तीन मुलं मामाच्या डोळ्यांदेखत पळून कशी जाणार? भिंती, दोर, हेरगिरी, संशय. सगळं हळूहळू, पण एकही भाग वाया गेलेला नाही. शेवटी मुलं निसटतात, पण सगळी नव्हे. चार वर्षांची आणि त्याहून लहान पोरं मागे ठेवावी लागतात. 'आम्ही परत येऊ' हा शब्द त्यात गुंतलेला आहे. प्रेक्षकांनी मालिका डोक्यावर घेतली.

मग 2021च्या सुरुवातीला दुसरा सीझन आला. तो खरं तर ऑक्टोबर 2020मध्ये यायचा होता, करोनामुळे लांबला. भाग अकरा. आणि ज्यांनी पहिल्याला डोक्यावर घेतलं होतं, त्यांनीच दुसऱ्यावर कपाळाला हात लावला.

काय झालं? थोडा हिशेब करू. मालिका ज्या चित्रकथेवरून, म्हणजे मंगावरून घेतली आहे, ती काइउ शिराई यांनी लिहिली आणि पोसुका देमिझू यांनी चितारली. 2016 ते 2020 या काळात ती 'वीकली शोनेन जंप'मध्ये क्रमशः आली. एकूण प्रकरणं 181. पहिल्या सीझनने त्यातली 37 बारा भागांत सांगितली, म्हणजे एका भागात साधारण तीन. उरली 144. ती अकरा भागांत उरकायची म्हटलं तर एका भागात तेरा. हे शक्यच नव्हतं. त्यामुळे मोठे तुकडे गाळले गेले. 'गोल्डी पाँड' नावाचं, मुलांच्या शिकारीचं अख्खं प्रकरण गेलं. युगो नावाचा एक पुरुष गेला, जो असाच एका मळ्यातून पळाला होता, सोबती गमावून बसला होता आणि वर्षानुवर्षं भुयारी आसऱ्यात एकटा राहत होता. अ‍ॅनिमेत मुलं त्या आसऱ्यात पोचतात तेव्हा तो रिकामा असतो.

आता बहुतेक जण इथेच थांबतात : 'मूळ कथा बदलली म्हणून मालिका बिघडली.' मला हे निदान पटत नाही. 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही दुसरी गाजलेली मालिका घ्या. 2003मध्ये ती आली तेव्हा तिची मंगा पुरी झालेली नव्हती. मालिकेने निम्म्या वाटेवर रस्ता बदलला आणि स्वतःचा शेवट रचला. 2009मध्ये मंगेच्या जवळ राहणारी दुसरी मालिकाही निघाली. तरी पहिलीवर प्रेम करणारे आजही भरपूर आहेत. म्हणजे बदल हा काही गुन्हा नाही. शिवाय 'नेव्हरलँड'च्या दुसऱ्या सीझनच्या रचनेत खुद्द शिराईंचा सहभाग होता. शेवटच्या भागांच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव दिसत नाही, हे चाहत्यांनी लगेच हेरलं, ती गोष्ट वेगळी.

मग दोष कुठे आहे? त्यासाठी या कथेचा खरा प्रश्न बघू. राक्षस माणसं खातात ती दुष्टपणाने नाही. माणसाचं मांस मिळालं नाही तर त्यांची बुद्धी आणि रूप दोन्ही जातात, ते जनावरं होतात. म्हणजे त्यांचाही जगण्याचा प्रश्न आहे. त्यांनाही मुलंबाळं आहेत. हजार वर्षांपूर्वी माणसं आणि राक्षस यांच्यात एक करार झाला, जग वाटून घेतलं गेलं. शीर्षकातलं 'वचन' ते हेच. त्या शांततेची किंमत मळ्यातली मुलं चुकवतात.

नॉर्मन म्हणतो, राक्षस समूळ संपवू, आपल्या भावंडांना वाचवायचा तोच खात्रीचा मार्ग आहे. एमा म्हणते, नको, त्यांच्या पोरांनाही मारायचं नाही. दोघांची भूमिका समजून घेण्यासारखी आहे. नॉर्मन क्रूर नाही, तो हिशेबी आहे, आणि त्याचा हिशेब प्रेमातून आलेला आहे. एमा भाबडी वाटते, पण 'आपण जगावं म्हणून कोणाचं लेकरू मरावं का' हा तिचा प्रश्न तर मळ्याच्या विरोधातला मूळ प्रश्न आहे. तो तिने सोडला तर मळा चालवणाऱ्यांत आणि तिच्यात फरक काय उरला?

आपल्याकडे नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी सांगितले आहेत : मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण. बीज पेरलं जातं, दिसू लागतं, आत वाढतं. मग विमर्शात ते संकटात सापडतं, म्हणजे वाटतं की आता काही खरं नाही. आणि शेवटी सगळे धागे एकत्र येतात. विमर्श या शब्दाचा साधा अर्थच विचार करणं, तपासून बघणं. कथेने आपलाच प्रश्न आगीतून काढायची ती जागा.

दुसऱ्या सीझनने नेमका हा विमर्श गाळला. सुरुवातीला बीज चांगलं आहे, बरं का. सोंजू नावाचा राक्षस मुलांना जीव धोक्यात घालून मदत करतो. त्याच्या धर्मात मळ्यातली माणसं खाणं निषिद्ध आहे, पण मोकळ्या रानात जन्मलेला माणूस मारायला त्याची ना नाही. मुलं सुटावीत, त्यांची वाढ व्हावी आणि पुढे कधीतरी शिकार करता यावी, हाही त्याच्या मदतीमागचा हेतू! केवढा अंगावर येणारा विचार आहे हा. पण पुढे हा धागा हातातून सुटतो.

नॉर्मन आणि एमा यांच्यातला पेच कसा सुटतो तेही बघा. नॉर्मन एका राक्षसांच्या वस्तीवर विष सोडतो. तिथल्या एका लहान राक्षस मुलीला मारणार, तेवढ्यात तिच्या आजोबांची हाक त्याच्या कानी पडते. तिचंही नाव एमा! नॉर्मनचा हात थांबतो. म्हणजे युक्तिवादाने नव्हे, अनुभवाने नव्हे, नावाच्या योगायोगाने. ग्रीक नाटकात पेच सुटेनासा झाला की यंत्राने देव खाली उतरवत आणि अ‍ॅरिस्टॉटलला ते रुचत नसे. पेचाची उकल कथेतूनच निघायला हवी, असं तो म्हणे. इथे देवाऐवजी योगायोग उतरला, एवढाच फरक.

इझाबेलाचंही तेच. पहिल्या सीझनमध्ये तिची सगळी शोकांतिका आपण पाहिली होती. तीही एकेकाळी अशीच भिंतीवर चढलेली मुलगी होती. तीच आता मुलांच्या बाजूला येते, पण तिच्या मनात काय उलथापालथ झाली हे बघायला आपल्याला वेळच दिला जात नाही.

आणि शेवट. मंगेत एमा नवं वचन मिळवायला जाते, आणि त्याची किंमत म्हणून तिला आपल्या कुटुंबाची आठवणच गमवावी लागते. ज्यांच्यासाठी सगळं केलं तेच तिला परके होतात. अ‍ॅनिमेत हा सगळा प्रवास शेवटच्या भागात काही स्थिर चित्रांतून, मागे संगीत वाजत असताना, उरकला आहे. त्यानंतर एमा हसत परत येते. काय द्यावं लागलं? काही दिसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अपेक्षाभंग आणि वचनभंग यांत फरक करायला हवा. मला वाटलं होतं अमुक पात्र जगेल, ते मेलं, हा अपेक्षाभंग. तो माझा मामला. लेखक माझ्या अपेक्षांचा देणेकरी नाही. पण कथा जेव्हा स्वतःहून एक प्रश्न उभा करते, त्यासाठी आपल्याला बारा भाग श्वास रोखून बसवते, तेव्हा ती न बोलता एक शब्द देत असते : 'या प्रश्नाला मी भिडेन.' उत्तर काय द्यावं हे तिच्या हाती आहे. उत्तर सापडलं नाही असंही तिने म्हणावं. पण प्रश्नच गुंडाळून ठेवला तर तो वचनभंग होतो, आणि मग तक्रार रास्त ठरते.

यात पडद्यामागच्या चित्रकारांना शिव्या देण्याचं कारण नाही. किती भाग करायचे, हे ठरवणारे बहुधा ते नसतात. अकरा भागांत कथा संपवायची हा निर्णय झाला, तिथेच विमर्शाची जागा संपली होती.

आणि यात नुकसान कोणाचं झालं? माझ्या मते सर्वांत जास्त एमाचं. तिची करुणा थोर वाटते कारण ती महाग आहे. शत्रूच्या लेकरालाही जगू द्यावं, हे म्हणायला सोपं आहे. त्यासाठी आपलं काय जाणार आहे हे ठाऊक असूनही तसं म्हणणं कठीण. किंमतच काढून टाकली की करुणेचा गोड सुविचार होतो. नॉर्मनसारखा हुशार मुलगा मग हसून म्हणेल, गोष्टीत असं चालतं, खऱ्या जगात नाही. त्याला उत्तर द्यायची ताकद या कथेत होती, मंगेत ती बऱ्याच अंशी दिसते. म्हणून ज्यांनी दुसरा सीझन पाहून मालिका सोडली, त्यांना माझी सूचना आहे की अडतिसाव्या प्रकरणापासून मंगा वाचा.

इथून पुढे एखाद्या कथेने निराश केलं की स्वतःला एक विचारून बघा : माझी इच्छा मोडली, की कथेने आपलाच प्रश्न सोडून दिला? पहिलं असेल तर थोडं शांत व्हा, कदाचित कथाच बरोबर असेल. दुसरं असेल तर बिनधास्त बोला, कारण मग तुम्ही स्वतःपुरते नाही, त्या कथेच्या बाजूने बोलत असता.

थांबतो. काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.