ओल, चुना आणि रंग
बंगळुरात १८९८ च्या प्लेगानंतर झपाट्याने वसलेल्या बसवनगुडी-मल्लेश्वरमातील ज्या जुन्या इमारती अद्याप उभ्या आहेत, त्यांतील एखाद्या दालनाचे नूतनीकरण करताना, रंगाच्या छटेआधी भिंतीच्या प्रकृतीची चौकशी करावी. चुन्याचा गिलावा हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कालांतराने पुन्हा चुनखडीच बनतो. तरी तो सच्छिद्र राहत असल्याने, पायाकडून विटांत चढलेली ओल बाष्परूपाने निर्वेध बाहेर पडते. त्यावर प्लास्टिक पेंटाचा चकचकीत थर चढवला (दुकानातील रंगपत्रिका याविषयी मौन पाळतात), की ती ओल आतच कोंडते, तिच्यातील क्षारांचे स्फटिक थराला आतून रेटतात आणि लोणा लागून महागडा रंग पोपड्यांनी गळतो. तेव्हा जुना थर खरवडून, भिंत सुकू देऊन, पिवडी मिसळलेल्या पातळ चुन्याचे दोन-तीन हात द्यावेत. खर्चही माफक येतो.